विहिरीपाशी दोन खाचा

आमच्या कुंपणाची गोष्ट मोहल्ल्यात कुणालाही विचारा, जो तो आपापली सांगेल. माझी ही आहे. यात शहाणपण कुणीच केलं नाही, मी तर नाहीच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून मला कुणी शिकवायला नको.

माझं नाव आसिया. राजापुरापासून खाली, खाडीच्या अंगाला आमचं घर. नवऱ्याचं नाव मी सहसा घेत नाही, पण तुम्हाला कळायला हवं म्हणून एकदा घेते: इद्रीस. आधी मालवाहू बोटीवर होते, मग चोवीस वर्षं दोह्यात, एका गोदामात स्टोअरकीपर. दोन वर्षांनी एकदा दोन महिने घरी यायचं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली आणि एका छपराखाली किती राहिलो ते काढायला बसले तर चारसुद्धा भरत नाहीत. मुलगी झाली, शिफा. ती वाढली, लग्न होऊन खेडला नांदायला गेली आणि घरात मी एकटी उरले. घर खायला उठतं म्हणतात ते काही खोटं नाही.

गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यांचा फोन आला. म्हणाले, "आसिया, आता बास. कायमचा येतो."

तव्यावर भाकरी होती. ती करपून धूर झाला तेव्हा मला भान आलं.

"खरंच?" मी विचारलं.

"खरंच. पण आधी अंगणाला कुंपण घालून घे. लाकडाचं. कुंपण पुरं झालं की तिकीट काढतो."

"कुंपणाचं काय मध्येच?"

"घाल म्हणतोय ना. कसं घालायचं ते मी सांगेन. तसंच व्हायला हवं. नाहीतर माझं येणं होणार नाही."

आता सांगा तुम्ही. इतकी वर्षं वाटेकडे डोळे लावून बसलेल्या बाईला नवरा सांगतो, कुंपण नाही तर मी नाही. दुसरी कुणी असती तर रडली असती. मी फोन ठेवला, करपलेली भाकरी कोंबड्यांना टाकली आणि तशीच वरच्या वाडीत आप्पांकडे गेले.

आप्पा म्हणजे आमच्या सासऱ्यांच्या वेळचे सुतार. सत्तरी कधीच ओलांडली, पण हातात पटाशी घेतली की माणूस चाळिशीचा वाटतो. आमच्या घराच्या चौकटी त्यांनी केल्या, शिफाच्या लग्नातला पलंग त्यांनी केला. पाऊस सरला की दरवर्षी माझ्या भाजीच्या वाफ्यांना वई घालून देतात. वई म्हणजे आमच्याकडचं काटक्यांचं कुंपण. चार खुंट ठोकायचे, मध्ये चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काठ्या विणायच्या, वरून काटे टाकायचे. वर्षभर टिकलं तर नशीब. पण त्यात समजायला कठीण असं काही नसतं. गुरं बाहेर, भाजी आत.

आप्पा दुसऱ्या दिवशी आले, ओट्यावर बसले आणि मी त्यांना फोनवरचे निरोप ऐकवले. हल्ली ह्यांचे निरोप बोलूनच येतात. पूर्वी पानभर लिहायचे, वर फुलांची चित्रं चिकटवायचे. वर्षभर झालं, लिहिणं बंद. तोंड दाखवून बोलणंही बंद, कॅमेरा फुटलाय म्हणे. वर्षभरात माणसाला फोन दुरुस्त करायला वेळ मिळत नाही, पण कुंपणाचे एकामागून एक सात निरोप पाठवायला मिळतो.

पहिला निरोप असा. "चिऱ्याचा दगड नको. लाकूडच हवं."

"चिरा का नको?" आप्पांनी फोनलाच विचारलं. "आखातातून आल्याला जो तो चिऱ्याचा गडगा घालतो, वर लोखंडी गेट बसवतो. लाकूड वाळवी खाईल."

दुसरा निरोप, "उंची माझ्या कमरेएवढी. जास्त नको, कमी नको."

"कमरेएवढं तर बकरीचं पिल्लू उडी मारून येईल गो बाय."

तिसरा, "वरची दांडी सागाची. पोफळीची नको, कुसळं टोचतात. तिला रंधा मारून घ्या. कुठे तुटक नको, खिळ्याचं डोकं वर नको."

इथे आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी आप्पांकडे बघितलं. कुंपणाच्या दांडीला रंधा मारलेला मी जन्मात ऐकला नव्हता.

चौथ्या निरोपात कुंपण कुठून कुठे न्यायचं ते होतं. हे ऐकून तर माझं डोकंच फिरलं. हद्दीवरून नाही. ओट्याच्या पायरीपासून सुरू करायचं, तिथून न्हाणीघर, न्हाणीवरून विहिरीपर्यंत, विहिरीपाशी डावीकडे वळून फाटक. आणि मग फाटकापासून हद्दीने फिरवून मागच्या दाराला आणून सोडायचं. म्हणजे सगळं अंगण मधोमध चिरायचं. माझा वांग्यांचा वाफा एकीकडे, विहीर दुसरीकडे. पाण्याची कळशी घेऊन मी काय उड्या मारू?

"मध्ये एक वाट सोडू गो कळशीसाठी," आप्पा म्हणाले. "आडणा घालू, उचलला की वाट."

शेवटचा निरोप कहर होता. "दांडीवर खाचा मारा. न्हाणीपाशी एक, विहिरीपाशी दोन, फाटकापाशी तीन. बोटाला लागतील अशा."

आप्पांनी विडी विझवली. "गुरांना मोजता येतं होय?" त्यांनी विचारलं. चेष्टा करत होते की खरंच विचारत होते ते मला कळलं नाही.

मी फोन लावला. म्हटलं, "अहो, हे काय चाललंय? आप्पा हसतायत."

"हसू देत. तू कर फक्त."

"पण कशासाठी?"

म्हणाले, "आल्यावर सांगेन." माझ्या जिवाला घोर लावून फोन ठेवला.

काम सुरू झालं. आप्पांनी ऐनाच्या लाकडाचे खांब आणले, बुंध्याला डांबर फासलं, खड्डे मारून पुरले. आमच्याकडे दीड हाताखाली कातळ लागतो, त्यामुळे एकेका खड्ड्याला अर्धा दिवस गेला. सागाच्या दांड्या ओट्यावर आडव्या टाकून आप्पा रंधा मारत बसायचे, आणि भुशाचा वास घरभर व्हायचा. मी भूसा झाडायची, चहा द्यायची आणि विचार करायची. विचार करून काही हाती लागत नव्हतं.

मोहल्ल्यातल्या बायका येता-जाता थांबून बघायच्या. कुणी म्हणे दोह्याची फॅशन असेल. कुणी म्हणे त्यांना घोडा पाळायचा असेल. शेजारची इकराची आई मात्र काही बोलली नाही. ती फाटकात उभी राहून कुंपणाच्या रेघेकडे बघत होती, ओट्यापासून विहीर, विहिरीपासून फाटक. मग अगदी सहज म्हणाली, "भाबी, अंगणाचे दोन भाग कशाला ग पाडलेत?" आणि निघून गेली.

झालं. त्या रात्री मला झोप नाही.

दोन भाग. एका भागात न्हाणी आणि विहीर, दुसऱ्या भागात वाफे आणि वाट. घराला दारं दोन आहेतच, पुढचं आणि मागचं. कुंपण कुठे संपतं? मागच्या दाराला. आखातात चोवीस वर्षं राहिलेल्या पुरुषांच्या गोष्टी मी काय ऐकल्या नाहीत? खालच्या मोहल्ल्यात एकाने अशीच दुसरी आणून ठेवली होती, आणि पहिलीला कळलं ते दारात टॅक्सी थांबल्यावर. मग मला एकेक आठवायला लागलं. लिहिणं बंद. तोंड दाखवणं बंद. मागची सुट्टी घेतली नाही. काही विचारलं की "आल्यावर सांगेन". अगदी बोटांवर मोजावा तसा एकेक पुरावा मी मोजत बसले.

सकाळी मी सरळच विचारलं. "बरोबर कुणाला आणताय का?"

"हो," ते म्हणाले.

ओट्याच्या खांबाला धरून बसले. "कुणाला?"

"साकिबला. दोह्याहूनच तो बरोबर असेल. घरी सोडून पुढे जाईल."

साकिब म्हणजे त्यांच्या खोलीवरचा, राजापुरातलाच मुलगा. पण मला वाटलं, ही सारवासारव झाली. आधी नुसतं "हो" म्हणून थांबलात कशाला मग? चोवीस वर्षं एकट्याने ये-जा केलेल्या माणसाला आता सोबत कशाला लागते? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तराचीच मला भीती वाटत होती. हे मी आज सांगते. तेव्हा म्हणत होते, मला काही पडलेलं नाही.

कुंपण पुरं झालं ते डिसेंबरात. दिसायला छान झालं होतं, खोटं कशाला बोलू. सागाची दांडी अशी गुळगुळीत की हात फिरवत राहावं. आप्पांनी खाचा मारल्या, एक, दोन, तीन, कुरकुरत मारल्या पण नेमक्या मारल्या. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी बघते तर दांडीवर ओळीने सात वांदर बसलेले. पाठीमागे शेपट्या सोडून, हातात माझी वांगी घेऊन, चावून-चावून टाकतायत. ती वांगी मी ह्यांच्यासाठी लावली होती. त्यांना भरल्या वांग्यांपुढे मटणसुद्धा नको असतं.

आप्पा आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "बाकडं केलंस वांदरांना बसायला," म्हणाले. "मी तेव्हाच बोललो होतो. वईला काटा नाय तर ती वई कसली? त्याला काय ठावूक, तो राहिला वाळवंटात. काटे घाल वरून."

मी लगेच कोयता काढला.

सरळ सांगते. वांदर हे निमित्त होतं. त्यांना काटे आठ-दहा ठिकाणी टाकले असते तरी पुरलं असतं. मी आणि आप्पांनी दोन दिवस करवंदीच्या फांद्या तोडल्या आणि ओट्यापासून फाटकापर्यंत एक वीत जागा न सोडता काथ्याने दांडीवर आवळून बांधल्या. माझे हात रक्ताळले तरी मी थांबले नाही. मनात एकच होतं. दोन भाग करायचेत ना अंगणाचे, करा. पण या बाजूचं माणूस त्या बाजूला आणि त्या बाजूचं या बाजूला सुखासुखी यायचं नाही. विहिरीपाशी तर मी दुहेरी काटे लावले. ती आली तर पाण्याला तिथेच येणार होती.

आणि मग फोन करून सांगितलं, "झालं कुंपण. सांगितलंत तस्संच."

"दांडी गुळगुळीत आहे ना?"

"आहे ना. सागाची आहे." काट्यांखाली होतीच ती गुळगुळीत.

"खाचा?"

"त्याही आहेत. फोटो पाठवू?"

"फोटो नको," ते म्हणाले. "तू सांगतेस ना झालं, मग झालं." आवाज असा सैल पडला, जसा पाठीवरचं ओझं उतरवल्यावर माणसाचा पडतो. मग म्हणाले, "एक ऐक. मी येईन तेव्हा फाटकात येऊ नकोस. ओट्यावरच उभी राहा. मी येतो तिथपर्यंत."

म्हणजे तेही नको. नवरा कायमचा घरी येणार आणि बायकोने फाटकापर्यंतसुद्धा जायचं नाही. बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

आले त्या दिवशी शुक्रवार होता. सकाळचे दहा वाजले असतील. मी सुरमईचं सालन केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या, वांदरांनी ठेवलेली चार वांगी भरली होती. नवा पोशाख घातला, मग वाटलं कशासाठी, काढला, पुन्हा घातला. रत्नागिरी स्टेशनावरून येणारी गाडी फाटकाशी थांबली आणि मी ओट्यावर उभी राहिले. नजर गाडीच्या मागच्या दाराकडे. आता उतरेल, आता उतरेल.

आधी साकिब उतरला. मग त्याने दुसरं दार उघडलं आणि हे उतरले. बारीक झाले होते. डोळ्यांवर काळा चष्मा. तिसरं कुणी उतरलं नाही. मी वाट बघितली, साकिबने दार लावलं. गाडीत कुणी नव्हतं. मला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी रागही आला, की मग हे सगळं कशासाठी?

रस्त्यावर चार माणसं जमलीच होती, इकराची आई होती, आप्पा मुद्दाम आले होते. ह्यांनी कुणाकडे बघितलं नाही. साकिबने त्यांचं कोपर धरलं होतं. ते त्याला हळू म्हणाले, "सोड." त्याने सोडलं.

मग ह्यांनी फाटक ढकललं, आत आले, उजवा हात पुढे करून हवेत इकडे-तिकडे फिरवला आणि खाली आणला. कमरेएवढ्या उंचीवर. बरोब्बर दांडीवर. आणि पंजाने घट्ट धरली.

त्यांचं अंग एकदम ताठ झालं. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले नाहीत. हात उचलला, परत ठेवला, बोटं काट्यांमध्ये खाली घातली. ते खाचा शोधत होते, हे मला तेव्हा कुठे कळायला? पाऊल टाकलं आणि हात तसाच काट्यांवरून पुढे ओढला. पांढऱ्या बाहीवर लाल ठिपके मला ओट्यावरून दिसले.

"अहो, हात काढा," मी ओरडले. "काटे आहेत. काय करताय? दिसत नाही का तुम्हाला?"

घरात दिवसातून दहा वेळा मी हे कुणाला ना कुणाला म्हणते. कोंबडीला म्हणते, मांजराला म्हणते. पण त्या दिवशी सगळा मोहल्ला ऐकत होता.

ते थांबले. माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "नाही," म्हणाले. "दिसत नाही, आसिया. तू बोलत राहा, म्हणजे मला येता येईल."

मला, जिची टकळी एकदा सुरू झाली की थांबत नाही, तिला एक शब्द सुचेना. ते हात लांबवून उभे आणि मी मुकी. साकिब पुढे यायला लागला तर त्यांनी हातानेच त्याला मागे ठेवलं. मग मी बोलायला लागले. काय बोलले देव जाणे. सुरमई आणलीय म्हटलं. शिफा उद्या येतेय म्हटलं. पुढे वाफा आहे, पाय उचलून टाका म्हटलं, वांगी मेली तरी चालतील, तुम्ही या म्हटलं. ते दांडी सोडून माझ्या आवाजावर सरळ चालत आले, वांग्यांतून, चिखलातून. वाफा ओलांडून पुढेही आपल्या पायाने आले, कुठे अडखळले नाहीत. पायरीला पाय लागला तेव्हा मी त्यांचा हात धरला. तळहातात काटेच काटे होते.

आत बसवून मी पिनेने एकेक काटा काढत होते आणि ते सांगत होते. साखर होती, अंगावर काढली. आधी उजव्या डोळ्याच्या पडद्यात रक्त उतरलं, मग डाव्याच्या. तिथल्या दवाखान्यात यंत्राने जाळून बघितलं, उपयोग झाला नाही. आता डाव्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. गोदामातलं काम साकिब करून द्यायचा, वर्षभर तसं रेटलं.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू फाटकात येऊन माझा हात धरला असतास. सगळ्यांसमोर." मग म्हणाले, "बोटीवर असताना वादळात काही दिसायचं नाही, तरी कठडा धरून मी टोकापासून टोकापर्यंत जायचो. म्हटलं, आपल्या अंगणात तेवढं तरी करावं. न्हाणीला आपलं आपण जावं, नमाजाआधी विहिरीवर वजू करावं, फाटकात जाऊन उभं राहावं. पहिल्या दिवशी तरी आपल्या पायाने घरात यावं. त्यासाठी थांबलो होतो."

मी पीन खाली ठेवली. मी म्हटलं, "मला वाटलं तुम्ही दुसरी आणताय."

"दुसरी काय?"

"बायको. अंगणाचे दोन भाग केलेत ना. म्हणून मी काटे लावले. वांदरांसाठी नाही."

ते हसायला लागले. इतके हसले की चष्मा खाली पडला. "आंधळ्याला दुसरी कोण देणार, आसिया?" म्हणाले. मलाही हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं, आणि रडता रडता स्वतःचा असा राग आला की काही विचारू नका. कारण त्यांनी सगळं मला सांगितलं होतं. उंची सांगितली, दांडी सांगितली, खाचा सांगितल्या. आणि मी त्यावर काटे बांधले, दुहेरी.

"खाचा खरंच मारल्यात?" त्यांनी विचारलं.

"मारल्यात. काट्यांखाली आहेत."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आप्पा आले. विडी नाही, बोलणं नाही. काथ्या कापत होते आणि फांद्या ओढून बाजूला टाकत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "जन्मभर लोकांच्या जिन्यांना कठडे केले गो मी. कमरेएवढे. रंधा मारून. तरी मला उमजलं नाय." मी म्हटलं, "आप्पा, मी तर त्यांची बायको आहे." मग दोघंही काथ्या कापत राहिलो.

दुपारपर्यंत सगळ्या फांद्या निघाल्या. आप्पा घरी गेले. वांदर माडावर बसून वाट बघत होते, बसू देत म्हटलं. पण करवंदीचा काटा मोडून लाकडात राहतो आणि नजरेला काही दिसत नाही. मी दोनदा बघून घेतलं, दांडी स्वच्छ होती. तिसऱ्यांदा हात फिरवला तर पहिल्याच खांबापाशी टोचलं. म्हणजे डोळ्यांवर भरवसा नाही. मी पदर कमरेला खोचला, पायरीपाशी उभी राहिले, डोळे मिटले आणि दांडीवर हात ठेवून निघाले.

टोचलं की थांबायचं, चिमट्याने काटा उपटायचा, पुढे जायचं. चार पावलं गेले नाही तोच मला अंगण ओळखू येईना. रोज झाडते ते अंगण, कुठे उंच, कुठे खोल, ऊन कुठून येतंय, काही कळेना. एक खाच लागली. न्हाणी. म्हणजे इथे मोरीचं पाणी असेल, पाय जपून टाकला. पुन्हा दांडी, पुन्हा काटा, पुन्हा दांडी.

ओट्यावरून ह्यांचा आवाज आला. "काय करतेस ग?"

"काटे काढतेय."

"कुठवर आलीस?"

मी बोटं पुढे सरकवली. खाच. तिच्या शेजारी दुसरी. आप्पांनी नेमक्या मारल्या होत्या, बोटाच्या पेरात बसत होत्या. "विहिरीपाशी," मी म्हटलं.

"तिथून वळण आहे. डावीकडे. बेताने."

"माहीत आहे. माझंच अंगण आहे ते."

असं म्हटलं खरं, पण डोळे मिटून उभी होते आणि डावं कुठलं आणि उजवं कुठलं, काही समजेना. विहिरीतल्या पाण्याचा गारवा तेवढा तोंडावर लागत होता. दोन्ही खाचांत दोन बोटं रोवून मी तशीच उभी राहिले.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. "थांबलीस का?"

"काही नाही," मी म्हटलं. "तुम्ही बोलत राहा."